नागपूरच्या उन्हात टिकणारी कायमची फुलझाडं सुचवा (आणि कूलरच्या पाण्याचा निकाल लावा)

बेसावासी | १९ मे, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. नागपूरला लागून असलेल्या बेशात घर बांधून झालं, राहायला आलो. पश्चिमेच्या कंपाउंडला लागून पंचवीसेक फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी पट्टी फरशी न लावता मुद्दाम सोडली आहे. माती मूळची काळी, वरून बांधकामाचा मलबा. सध्या बोट जाईल एवढ्या भेगा आहेत. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत थेट ऊन, आणि भिंतीला रात्री दहालाही हात लावला तर गरम लागते.

भाड्याच्या घरी दर हिवाळ्यात पिटुनिया, फ्लॉक्स आणायचे आणि मार्च संपता संपता काड्या फेकायच्या, असं चालायचं. आता ते नको. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील असंच लावायचंय. आईची अट अशी की देवापुरती फुलं रोज निघाली पाहिजेत. बायकोची अट, बोगनवेल सोडून काहीही. घरात कुत्रा आहे आणि तो दिसेल ते चावतो. पाणी बोअरचं, चवीला बरं आहे पण बादलीला पांढरा थर धरतो.

आणि एक घरगुती भांडण सोडवा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालावं की नाही? बाबा म्हणतात फुकट कशाला घालवायचं, मला शंका आहे.

ठेचा_वऱ्हाडी | १९ मे, रात्री १०:०४

भाऊ, पयले हे सांगा का नवतपा (मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर आला असताना झाडं लावाचं कोनाले सुचते? मानसं कूलरपुढून उठून नाही राहिली अन् तुम्ही गुलाब लावता.

बेसावासी | १९ मे, रात्री १०:०९

आत्ता लावत नाही हो, आत्ता फक्त ठरवतोय!

गच्चीवरची_राणी | १९ मे, रात्री १०:३१

ठरवायला मे महिना उत्तम आहे, कारण याच महिन्यात कोणती झाडं खरी आणि कोणती नुसती नर्सरीपुरती ते दिसतं. संध्याकाळी कॉलनीत एक चक्कर मारा. पश्चिमेच्या भिंतीला आत्ता हिरवं दिसेल तेवढंच टिपून ठेवा. माझ्या गल्लीत (प्रतापनगर) आज तगर, पिवळा टेकोमा, मधुमालती, साधी लाल जास्वंद आणि कण्हेर ठणठणीत आहेत. हायब्रीड जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. एक्झोराची पानं कडेने भाजलीत.

कूलरचं पाणी मी घालते. काही होत नाही.

कोथरूडकर | २० मे, सकाळी ८:१५

एवढा बाऊ कशाला? आमच्याकडे मे महिन्यातही कुंड्या लावतो. सकाळी एकदा भरपूर पाणी, वर थोडा पालापाचोळा. सगळं जगतं.

ठेचा_वऱ्हाडी | २० मे, सकाळी ८:१९

दादा, तुमच्याकडे ३९ झालं का पेपरात फोटो येते. आमच्याकडे ३९ ले लोक स्वेटर शोधते.

धंतोलीचे_काका | २० मे, सकाळी ९:४०

२०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ पर्यंत पारा गेला होता, त्या वर्षी आमच्या अंगणात काय राहिलं ते सांगतो. तगर राहिली, मोगरा राहिला, पांढरा चाफा राहिला. कोरांटी वाळल्यासारखी दिसत होती, पावसात परत फुटली. गुलाबांपैकी गावठी गुलाबीच राहिला. त्याचा गुलकंद होतो, देवालाही चालतो. उलट बाजूही सांगून ठेवतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ वर उतरला तेव्हा जास्वंदीची पानं पिवळी पडून गळाली, पण झाड गेलं नाही. इथे दोन्ही टोकं सोसणारं झाड लागतं. नुसतं 'उन्हाचं झाड' म्हणून आणू नका.

बेसावासी, एक महत्त्वाचं. कुत्रा आहे ना? मग लाल-गुलाबी कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही आणू नका. पान, फूल, फांदी, बी, सगळंच विषारी असतं. डिव्हायडरवर शोभते, तिथेच राहू द्या.

मुरूम | २० मे, दुपारी १:२२

झाडांच्या याद्या खूप येतील, मी आधी मातीचं सांगतो.

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. त्या भेगा म्हणजे तेच. भेग पडताना बारीक मुळं तुटतात आणि उरलेली ओल त्याच वाटेने उडून जाते. म्हणून उन्हाळ्यात वरून पाणी ओतण्यापेक्षा भेग पडू न देणं महत्त्वाचं. हलक्या खुरप्याने वरचा थर मोकळा करायचा आणि त्यावर चार बोटं पालापाचोळा, गवत, भुसा, जे मिळेल ते. खोडापाशी मात्र टेकवायचं नाही.

पट्टीवरचा मलबा आधी काढा. सिमेंट आणि चुन्यामुळे आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी अल्कधर्मी होते. मग जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. खूण अशी, की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. जुनी खालची पानं पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, लोहाची नाही. लोक यात गोंधळ करतात आणि युरिया टाकत बसतात.

खड्डे आत्ताच खणून ठेवा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतं. मे महिन्याचं ऊन त्यांना लागू द्या, हुमणी-किडे, तणाचं बी बरंच मरतं. पावसाची दोन-तीन चांगली झड झाली की निघालेली माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि थोडा बारीक मुरूम एकत्र करून भरायचं. निंबोळी पेंड मूठभर, नाहीतर वाळवी येते. नुसती वाळू कालवू नका. थोडीशी वाळू आणि भरपूर काळी माती म्हणजे वीट.

भिंतीपासून किमान दीड फूट सोडा. फुगणारी-आक्रसणारी माती, तिला सतत पाणी आणि त्यात मुळं, हे कंपाउंडच्या पायाला मानवत नाही.

चिंगी | २० मे, दुपारी २:०५

लोहासाठी आमच्याकडे संत्र्याच्या साली, अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा टाकतात. चालेल ना?

मुरूम | २० मे, दुपारी २:४८

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साधा चुना. नागपूरच्या मातीत चुन्याची कमतरता असती तर गोष्ट वेगळी. चहाचा चोथा धुऊन, कुजवून टाकला तर खत म्हणून ठीक, लोहाशी त्याचा संबंध नाही. संत्र्याच्या साली कंपोस्टच्या ढिगात टाका, तिथे त्यांचं खत होतं. कच्च्या साली कुंडीत टाकून माती आंबट होत नाही, फक्त चिलटं येतात.

पानं पिवळी पडली तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबू, संध्याकाळी पानांवर फवारा. जमिनीत टाकलेली हिराकस आपल्या मातीत लवकर निरुपयोगी होते. चिलेटेड लोह थोडं महाग पडतं पण जमिनीतूनही लागू होतं.

ठेचा_वऱ्हाडी | २० मे, दुपारी ३:१०

नागपुरात राहून संत्र्याच्या सालीले नावं ठेवून राहिले मुरूमभाऊ. तुमचं रेशनकार्ड तपासलं पाहिजे.

गच्चीवरची_राणी | २० मे, संध्याकाळी ७:३०

मुरूम, कूलरच्या पाण्याचं राहिलं. मी म्हणते घालावं. उन्हाळ्यात पाणी मिळत नाही तिथे फेकायचं कशाला?

मुरूम | २० मे, रात्री ८:५५

कूलर पाणी उडवतो म्हणूनच हवा गार होते. उडतं ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. वर नवीन पाणी भरतो, त्यातलंही पाणी उडतं आणि क्षार साठतात. पॅडवर आणि जाळीवर पांढरी खपली येते ती हीच. म्हणजे टाकीच्या तळाशी उरतं ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा खूप खारट असतं. कुंडीत ते घातलंत तर त्याच कुंडीत पुन्हा तेच होणार.

नळाचं, म्हणजे पेंच धरणाचं किंवा कन्हान नदीचं पाणी असेल आणि टाकी रोज धुऊन भरत असाल तर इतकं बिघडत नाही. तुमच्याकडे बहुधा तसं असेल. बेशाच्या बोअरला ते लागू नाही. आरओमधून बाहेर पडणारं पाणीही याच वर्गातलं, ते फरशी पुसायला ठेवा.

एसीच्या नळीतून गळतं ते मात्र हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. एक्झोरा आणि अनंताला ते द्या.

ठेचा_वऱ्हाडी | २० मे, रात्री ९:०१

म्हणजे एसीवाल्याच्या घरी अनंत फुलन अन् कूलरवाल्याच्या घरी बाभूय. झाडायतही गरीब-श्रीमंत आलं बाप्पा.

बेसावासी | २० मे, रात्री ९:२०

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या मुरूमला विचार, पन्नास वर्षं मी तुळशीला काय घालत होतो." मी पुढचं विचारलं नाही.

काटोलचा_संत्रेवाला | २१ मे, सकाळी ६:४८

कुंपणासाठी तुम्हाला कोणीतरी कामिनी सुचवणारच, बरेच माळी तेच सांगतात. झाड सुंदर, फूल सुवासिक, काटछाट सोसते. पण आजूबाजूला संत्र्याची किंवा लिंबाची झाडं असतील तर माझी विनंती, लावू नका. संत्र्यावरची सायला कीड कामिनीवर मजेत वाढते आणि तीच ग्रीनिंगचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कोवळी पालवी फुटली की तिथेच अंडी घालते. आमच्या बागेच्या कडेला एका फार्महाउसवाल्याने शंभर फूट कामिनी लावली आहे. तिला पालवी फुटली की माझी झोप उडते.

चिंगी | २१ मे, सकाळी ७:३०

अरे देवा. मग कढीपत्ता पण उपटायचा का? तोही त्याच कुळातला ना?

काटोलचा_संत्रेवाला | २१ मे, सकाळी ७:५२

सायला कढीपत्त्यावरही बसते. पण ताई, उपटू नका, पोह्यांचं काय होईल? पालवी फुटली की निंबोळी तेलाची फवारणी करत जा, पुरे. आणि फवारल्यावर काही दिवस फोडणीला त्याची पानं घेऊ नका.

एक गोष्ट मात्र आम्ही बागाईतदार करतो आणि घरगुती बागवाले करत नाहीत. ताण. संत्र्याला आंबिया बहार (उन्हाळ्याआधी येणारी फुलं) हवा तर आम्ही डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो. झाड थोडं सुकतं, पानं पिवळट होतात, मग खत-पाणी दिलं की फुलांनी भरतं. मोगऱ्याला हेच करा. डिसेंबरात पाणी कमी करत न्या, जानेवारीत बंद. पानं काढून टाका, फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटा. मग शेणखत आणि पाणी. मार्चपासून कळ्या सुरू होतात आणि उन्हाळाभर तोडत राहायच्या. लोक मोगऱ्याला बारा महिने पाणी घालतात आणि विचारतात, नुसती पानंच का येतात? काळ्या मातीत ओल जास्त टिकते, म्हणून ताण बसायला वेळ लागतो. हलक्या जमिनीत लवकर बसतो. कुंडीत आणखी लवकर, तिथे लक्ष ठेवा, नाहीतर झाडच जायचं.

धंतोलीचे_काका | २१ मे, सकाळी १०:१५

वा संत्रेवाले, हे लाख बोललात. आमचे माळीबाबा असंच करायचे पण का ते सांगायचे नाहीत, विचारलं की फक्त विडी ओढायचे. बोगनवेलीचंही हेच गणित. पाणी आणि नत्र भरपूर दिलं की नुसती पानं आणि काटे. कोरडी ठेवली की रंग. तो रंग फुलांचा नसतो, रंगीत पानांचा असतो. मधली इवलीशी पांढरी नळी हेच खरं फूल.

बेसावासी, वहिनींचा बोगनवेलीवर राग का?

बेसावासी | २१ मे, सकाळी १०:४०

माहेरी गेटवर होती. शाळेत असताना सायकल घेऊन तिच्यात पडली होती. विषय संपला.

रानवाटा | २२ मे, रात्री ११:१२

यादीत रातराणी टाका. संध्याकाळनंतर सगळं घर घमघमतं.

चिंगी | २३ मे, सकाळी ७:०५

पण साप येतात म्हणतात ना? आमच्या आजीने अंगणात लावूच दिली नाही.

रानवाटा | २३ मे, सकाळी ८:३०

वासाने साप येत नाहीत. दाट, जमिनीलगत पसरलेलं झुडूप, खाली ओल, तिथे बेडूक-उंदीर, आणि त्यांच्या मागे साप. मग तो रातराणीखाली असेल तसा दगडाखालीही असेल. खालच्या फूटभराच्या फांद्या छाटून जमीन दिसती ठेवली की झालं. बेशात अजून मोकळे प्लॉट बरेच आहेत, त्यामुळे बुंधे मोकळे ठेवण्याचा सल्ला कोणत्याही झाडाला लागू.

ठेचा_वऱ्हाडी | २३ मे, सकाळी ८:४१

सापाचं सोडा. सकाऊन साडेपाचले प्लास्टिकची थैली अन् आकडा लावलेली काठी घेऊन जे काकू येते, त्यायचं काय? भिंतीबाहेर आलेलं प्रत्येक फूल देवानं त्यायच्यासाठीच धाडलं अशी त्यायची पक्की समजूत हाय.

गच्चीवरची_राणी | २३ मे, सकाळी ९:०३

😂 आमच्याकडे पाटी लावली, 'फुले तोडू नये'. दुसऱ्या दिवशी पाटीवर जास्वंदीचं देठ अडकवलेलं.

ठेचा_वऱ्हाडी | २३ मे, सकाळी ९:०६

पाटी लावाचं काम पुण्याच्या लोकायचं हाय, आपलं नाही. कोथरूडकरदादा, मदत करा.

कोथरूडकर | २३ मे, सकाळी ११:३०

'फुले देवाला, पाप तोडणाऱ्याला.' मानधन पाठवून द्यावे.

धंतोलीचे_काका | २३ मे, दुपारी १२:१०

यावर इलाज भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पिवळी कोरांटी. काटे असे की काठी मागे घेतात. आपल्या रानातलंच झाड, पाऊस संपल्यावर फुलायला लागतं, थंडीत बहरतं. पाणी घालायचं विसरलात तरी चालतं. नर्सरीत मागितली तर हसतील, कारण ती विकली जात नाही. जुन्या वाड्याच्या परसातून फांदी आणा, पावसात सहज लागते.

निशिगंधा_व | २५ मे, संध्याकाळी ६:२०

आज नवतपा लागला त्या निमित्ताने लिहिते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाग करते, त्यामुळे माझे प्रश्न आणि उत्तरं वेगळी.

काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला ऊन थेट लागलं तर मुळं आतल्या आत शिजतात. वरून पाणी घातलेलं असतं, तरी झाड मरगळतं आणि आपण आणखी पाणी घालतो. कुंडीवर बाहेरून चुना फासा किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत ती ठेवून मधे नारळाच्या शेंड्या भरा. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, कडेला दणकट झाडं, मधे नाजूक. वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. मे महिन्यात खत, कुंडी बदलणं आणि छाटणी, तिन्ही बंद. झाड तग धरून आहे, त्याला आत्ता नवी पालवी फोडायला लावू नका.

दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच पाणी नको. संध्याकाळी पुन्हा उभी राहिली तर ती उन्हामुळे लोंबली होती. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर पाणी द्या, आणि बोट दोन पेरं मातीत घालून बघूनच द्या.

पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर ते लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यातच ते फोफावतात. सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा मारत राहिलं की बरेच कमी होतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूची तपासणी करणारे आधी तिथेच बघतात आणि बरोबरच बघतात.

बेसावासी | २५ मे, रात्री ९:००

हे सगळं प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. नर्सरीत जाण्याआधी आणखी काही?

मुरूम | २६ मे, सकाळी ७:१८

हो, एक. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत रोपं बाहेरून येतात. पुण्याकडून येतात, आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. पिशवीत लाल, चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत बसवला की दोन मातींचा मेळ बसत नाही. लाल गोळा एकदा वाळून कडक झाला की पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. आजूबाजूची माती ओली, गोळा कोरडा, आणि मुळं गोळ्यातच. पावसाळ्यात कळत नाही, दिवाळीनंतर झाड झुरायला लागतं.

लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गोळ्याच्या कडेची माती बोटांनी हलकेच सोडवा, गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा. गुलाबाला मात्र हे जपून, त्याला मुळांशी छेडछाड आवडत नाही. आणि फुलांनी लदबदलेलं रोप घेऊ नका. बुटकं, खाली फांद्या असलेलं, बिनफुलाचं घ्या.

रानवाटा | २६ मे, सकाळी ९:४०

गुलाबाचा विषय निघालाच आहे तर... डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून जे धुमारे फुटतात ते खुंटाचे, म्हणजे खालच्या रानटी गुलाबाचे असतात, ते मुळापाशी ओढून काढा. नाहीतर दोन वर्षांनी तुमचा लाल गुलाब 'रंग बदलतो' आणि लोक नर्सरीवाल्याला शिव्या देतात. छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला, दीड महिन्याने फुलं.

चिंगी | २७ मे, रात्री १०:१५

कोणी अबोली लावली आहे का? मला गजऱ्यासाठी हवी. पश्चिमेच्या भिंतीला चालेल?

धंतोलीचे_काका | २८ मे, सकाळी ९:२५

पश्चिमेला नको, पूर्वेला किंवा मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत. एकदा लावली की स्वतःच पसरते. तिच्या वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते तडकन फुटून बी लांब उडतं. नातवंडांना उन्हाळी सुट्टीत याच्यासारखं खेळणं नाही.

बेसावासी | २९ जून, संध्याकाळी ७:४४

धागा वर काढतोय. पावसाची चांगली झड झाली. माती मऊ आहे, भेगा मिटल्या. मलबा काढताना ट्रॉलीभर निघाला. खड्डे तापवून झाले होतेच.

भिंतीपासून दीड फूट सोडून, कोपऱ्यात पिवळा टेकोमा, मग दोन तगर, मधे साधी लाल जास्वंद, तिच्या पुढे तीन मोगरे, दुसऱ्या टोकाला पारिजातक. मधुमालती गेटवर. बाहेरून कोरांटी (काकांच्या सल्ल्याने, फांद्या एका जुन्या ओळखीच्या परसातून). कामिनी नाही, कारण शेजाऱ्यांकडे लिंबू आहे. अनंत एकच, एसीच्या नळीखाली.

मुरूम | २९ जून, रात्री ८:३०

मांडणी चांगली आहे. जास्वंद आणि मोगरा यांत तीन फूट तरी ठेवलं असेल अशी आशा. मोगऱ्याला या वर्षी ताण देऊ नका, झाड आधी बसू द्या. पुढच्या डिसेंबरपासून.

धंतोलीचे_काका | ३० जून, सकाळी ८:५०

पारिजातक पुढच्या उन्हाळ्यात पानं गाळेल. मेला समजून उपटू नका. नखाने साल थोडी खरवडून बघा, आत हिरवं असलं की जिवंत. दर वर्षी कोणीतरी उपटतं.

ठेचा_वऱ्हाडी | ३० जून, सकाळी ९:०२

पारिजातकाची फुलं सकाऊन खाली पडते, म्हणजे काठीवाल्या काकूले वाकावं लागन. चांगला हाय, व्यायाम होते त्यायचा.

गच्चीवरची_राणी | ३० जून, सकाळी ११:२०

मी कूलर धुऊन ठेवला, पाणी रस्त्यावर ओतलं. मुरूम, खूश?

मुरूम | ३० जून, सकाळी ११:२६

रस्त्यावर धूळ बसली असेल. 🙏

बेसावासी | १२ जुलै, सकाळी ७:१५

नवीन त्रास. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं आलंय आणि काळ्या मुंग्यांची रांग लागली आहे. लावून पंधरवडा नाही झाला!

निशिगंधा_व | १२ जुलै, सकाळी ७:५८

पिठ्या ढेकूण. बहुधा रोपासोबतच आला. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका, झाडाखाली टाकू नका. बाकीवर जोरात पाणी मारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा भांड्यांचा साबण. संध्याकाळी, पाऊस नसताना. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. त्या पिठ्याचा गोड चिकटा खातात, त्याला राखतात आणि दुसऱ्या फांदीवर नेतात. मुंग्या असेपर्यंत पिठ्या परत येतो.

चिंगी | १२ जुलै, सकाळी ८:३०

मुंग्यांना काय? हळद?

काटोलचा_संत्रेवाला | १२ जुलै, सकाळी ९:१०

हळदीने त्या थोडं वळसा घालून जातात एवढंच. वारूळ शोधून त्यात उकळतं पाणी, झाडाच्या मुळांपासून लांब असेल तरच. खोडाला चिकट पट्टी गुंडाळली की वर चढता येत नाही, पण फांदी भिंतीला टेकलेली नको, नाहीतर त्या तिकडून जातात.

धंतोलीचे_काका | १२ जुलै, सकाळी १०:३५

चिंगीताई, अबोलीची रोपं आमच्याकडे वाफ्यात दाटीने आली आहेत, उपटून द्यायचीच आहेत. कोरांटी आणि बटमोगऱ्याच्या फांद्याही काढणार आहे. रविवारी सकाळी आठनंतर या, जुनी दुधाची पिशवी आणि ओला कपडा घेऊन. पाऊस जोरात असला तर सोमवारी.

ठेचा_वऱ्हाडी | १२ जुलै, सकाळी १०:३७

काका, मीबी येतो. चहा देता का फक्त फांद्याच?